मुदखेडहून येणारी पुडी

पायांवर बारीक लाल ठिपके उठलेत, बोटानं दाबले तरी जात नाहीत, आणि घरातलं कुणीतरी "पित्त असेल" म्हणतंय, अशा माणसासाठी हे लिहिते आहे. ज्यांना सवड नाही त्यांनी एवढंच करावं: सध्या जी गोळी चालू आहे तिचं नाव घेऊन डॉक्टरकडे जावं. गोळी नव्हे, नाव. मला ते नाव मिळायला जो उशीर लागला, त्यात माझ्या किडन्या जाता जाता राहिल्या. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मी लातूरला मुलींची मेस चालवते. डॉक्टरकीच्या प्रवेशाचे क्लास लावायला गावोगावच्या मुली इथं येऊन राहतात, त्या माझ्याकडे दोन्ही वेळा जेवतात. सगळं काम उभ्यानं. हे वीज खात्यात आहेत. सासूबाई आमच्याजवळ असतात. त्यांचं माहेर निलंग्याकडचं, कर्नाटकाच्या सीमेजवळचं, त्यामुळे घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात.

त्या औषधाचं नाव मी इथं देणार नाही. ते वाईट औषध नाही. तुमच्या घरातही कुणीतरी ते घेतलं असेल आणि बरं झालं असेल. माझ्या अंगाला ते चालत नाही, एवढाच त्याचा दोष.

घरचा दवाखाना

माझे धाकटे दीर, महेशभाऊजी, यांचं मुदखेडला मेडिकल आहे. आमच्या सगळ्या भावकीचा दवाखाना म्हणजे ते दुकान. खोकला, जुलाब, गुडघे, लेकरांचा ताप, काहीही असो, त्यांना फोन लावायचा. संध्याकाळच्या लातूर गाडीच्या कंडक्टरजवळ पुडी यायची आणि हे स्टँडवर जाऊन ती घेऊन यायचे. पुडीवर पेनानं सूर्य काढलेला असला की गोळी सकाळची, चांदणी असली की रात्रीची. आत पट्टीचे कापलेले तुकडे. औषधाचं नाव ज्या तुकड्यावर असतं तो दुकानातच राहायचा, कारण नाव आणि तारीख दिसल्याशिवाय उरलेली पट्टी पुढच्या गिऱ्हाइकाला देता येत नाही. आम्हाला नावाशी काय करायचं होतं? देणारा घरचा माणूस.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होती. परस्पर डॉक्टरकडे गेलं की भाऊजींना लागायचं. औशाच्या चुलत सासूबाई एकदा पाठीच्या दुखण्यासाठी थेट सोलापूरला दाखवून आल्या, तर पुढच्या लग्नात भाऊजी त्यांच्याशी धड बोलले नाहीत. "मी काय मेलो होतो का?" असं म्हणाले होते. त्यामुळे आम्ही आधी त्यांना विचारायचो. बहुतेक वेळा आधी आणि शेवटी तेच.

त्या उन्हाळ्यात मला लघवीला जळजळ सुरू झाली. शेगडीपुढे दिवस जातो, पाणी प्यायचं राहून जातं. आता ही गोष्ट दिराला कोण सांगणार? मी जावेला, सुरेखाला सांगितली. तिनं तिच्या नवऱ्याला सांगितली. दुसऱ्या दिवशी पुडी आली. कॅप्सूल होत्या. आदल्या साली असंच झालं होतं तेव्हाही अशाच आल्या होत्या आणि चार दिवसांत गुण आला होता. मी डोळे मिटून सुरू केल्या.

घोंगडी

पहिले ठिपके घोट्याजवळ दिसले. वाटलं, डास चावले. मग नडगीवर आले, मग पोटऱ्यांवर. खाज फारशी नव्हती, पण आग होती. अव्वांनी चष्मा लावून पाहिलं.

"पित्त उठलंय गं. बस खाली."

पित्त उठलं की काळ्या घोंगडीनं अंग घासायचं, ही आमच्याकडची रीत. अव्वांची घोंगडी त्यांच्या लग्नातली. तिनं माझ्या पायांची सालं निघायची तेवढी बाकी राहिली. वर त्यांनी विभूती लावली. मी सुरेखाला फोन केला, तिनं तो नवऱ्याच्या हातात दिला.

"वहिनी, उन्हाळ्याचं पित्त हाय. घाबरू नका. गोळ्या मात्र बंद करू नका. कोर्स पुरा करा, न्हाई तर जंतू निबर होतेत. पित्ताची एक गोळी पाठवून देतो संगं."

कोर्स अर्धवट सोडू नये, हे मीच मेसच्या मुलींना सांगत असते. त्यामुळे पुरा केला. मुली पाय बघून म्हणायच्या, "काकू, डॉक्टरला दाखवा ना." मी म्हणायची, "तुम्ही व्हा आधी, मग तुम्हालाच दाखवते." त्या हसायच्या, मी पोळ्या लाटायची.

मग घोटे सुजले. चपलेचा पट्टा लागेना. सकाळी गुडघे धरलेले असायचे. आणि एक दिवस लघवी लालसर झाली, चहात दूध कमी पडलं की दिसतो तशी. पुन्हा सुरेखा, पुन्हा भाऊजी. लघवीचंच दुखणं होतं, लघवीच बिघडली, तेव्हा जंतू अजून राहिलेत असा त्यांनी हिशोब लावला. त्यात चूक शोधायला मी काही डॉक्टरकी शिकलेली नव्हते. दुसरी पुडी आली. त्याच कॅप्सूल. मी त्याही घेतल्या.

दुसरी पुडी संपेपर्यंत ठिपके मांड्यांपर्यंत पोचले होते. काही ठिकाणी एकमेकांत मिसळून जांभळे चट्टे झाले, घोट्यावर दोन फोड आले. पोटात पिळवटून कळा यायला लागल्या तेव्हा हे म्हणाले, "आता महेशला काय वाटायचं ते वाटू दे," आणि मला लातुरातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टरांनी काचेची पट्टी पायावर दाबून धरली. पित्ताचा ठिपका दाबला की पांढरा पडतो, म्हणाले. माझे काचेखालीही लालच राहिले.

"हे पित्त नाही, ताई. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलीय. त्यातून रक्त कातडीखाली पाझरतंय. कुठलं औषध घेतलं होतं यात?"

"घेतलंय. दीर पाठवतात."

"नाव काय त्याचं?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. दोन शिकलीसवरली माणसं, पण सूर्य आणि चांदणी यापलीकडे आम्हाला काही सांगता येईना.

त्यांनी लघवी तपासली. रक्त होतं, प्रोटीन होतं. "पायावर जे बाहेर दिसतंय ते किडनीत आत चाललं असू शकतं," ते म्हणाले. "आजच किडनीच्या डॉक्टरला दाखवा. आणि त्या गोळीचं नाव मिळवा."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसूनच यांनी भावाला फोन लावला. पलीकडून भाऊजींचा आवाज मला ऐकू येत होता.

"दादा, नांदेडला आणा. इथं माझी वळख हाय. मी हाय ना, फिकीर कामून करता?"

"अरे, त्या गोळीचं नाव विचारून राहिलेत."

"आणा तर आधी. बघू."

नांदेड

इथं भाऊजींचं जे श्रेय आहे ते देते. आम्ही नांदेडला पोचलो तेव्हा ते दवाखान्याच्या दारात चाकाची खुर्ची घेऊन उभे होते. खोली त्यांनी बघितली, डॉक्टर मॅडमची वेळ त्यांनी घेतली. मुदखेडहून रोज सकाळी पहिल्या गाडीनं यायचे, सुरेखानं दिलेला डबा आणायचे. दिवसभराची लघवी एका कॅनमध्ये जमवावी लागते, तो कॅन उचलून प्रयोगशाळेत न्यायचं काम माझ्या सख्ख्या भावानं केलं नसतं, ते त्यांनी केलं, आणि तेही तोंड न वाकडं करता.

दवाखान्यात दिवस ठरलेला असतो. उजाडायच्या आत रक्त काढायला येतात. मग वजन, मग रक्तदाब, मग चहा, मग वाट बघणं. पायांखाली दोन उशा, उतरायचं नाही. पाय खाली सोडले की तासाभरात नवे ठिपके यायचे. वीस-पंचवीस वर्षं उभ्यानं काम केलेल्या बाईला नुसतं पडून राहा म्हटलं की काय होतं ते सांगून कळणार नाही. पहिले दोन दिवस मी छताच्या पंख्यावरची धूळ बघून चिडत होते. तिसऱ्या दिवशी चिडायलाही जीव राहिला नाही.

पायाच्या कातडीचा हरभऱ्याएवढा तुकडा तपासायला काढला. त्याआधी अंगावरचं सगळं काढा म्हणाले. आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग मी लग्नाआधीपासून कधी काढलेलं नाही. मी फार देवधर्म करणारी नाही, पण तेवढं नको वाटलं. सिस्टरनं काही न विचारता ते कापडात गुंडाळून माझ्या डाव्या मुठीत दिलं आणि वरून चिकटपट्टी लावली. "घ्या, आता सुटत नाही," म्हणाली. आजारपणात अशी माणसं लक्षात राहतात.

भेटायला येणारं प्रत्येक माणूस केळी घेऊन यायचं. केळीच्या बागांचं अर्धापूर जवळ, दुसरं काय आणणार! खोलीत फण्यांवर फण्या साठल्या. किडनीवर सूज असल्यानं मला केळी बंद होती. मी त्या शेजारच्या खोल्यांत वाटून टाकायची. एका आजीबाईंनी निरोप पाठवला, "त्या लातूरच्या बाईला म्हणावं, आता पपई आण."

पहिल्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी औषधांचं विचारलं होतं. मी म्हटलं, "कॅप्सूल घेतल्यात, दोन वेळा. दीर पाठवतात, हे काय, इथंच आहेत. त्यांनाच विचारा."

मॅडम भाऊजींकडे वळल्या.

"साध्याच होत्या, मॅडम," भाऊजी म्हणाले. "तापाची गोळी, अन् जळजळीचं ते पातळ औषध. लघवी साफ व्हायचं."

"अँटिबायोटिक?"

"न्हाई."

"कॅप्सूल होत्या भाऊजी," मी म्हटलं. "पांढऱ्या."

"त्या व्हिटॅमिनच्या, वहिनी. अशक्तपणासाठी."

मॅडमनी मान हलवली आणि लिहून घेतलं. एकीकडे औषध विकणारा माणूस, दुसरीकडे पडलेली बाई जिला नाव सांगता येत नाही. कुणावर विश्वास ठेवायचा हे उघड होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मग माझ्या आजाराचं कारण शोधायला सगळीकडे हात घालणं सुरू झालं. कावीळ तपासली, संधिवात तपासला, आणखी काय काय. काही सापडेना. इकडे लघवीतलं प्रोटीन वाढत होतं. मॅडमनी यांना बाहेर बोलावलं नाही, माझ्यासमोरच सांगितलं, हे मला आवडलं. म्हणाल्या, "कारण मिळत नाही आणि किडनी थांबायला तयार नाही. पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढावा लागेल. मग एक ताकदीचं इंजेक्शन आहे, कॅन्सरलाही वापरतात ते. महिनोन्महिने घ्यावं लागतं. एखाद्या औषधामुळे हे झालंय असं नक्की कळलं असतं तर मी थोडी वाट बघितली असती. पण तसं काही दिसत नाही."

भाऊजी तिथंच उभे होते. डब्याचं झाकण लावत होते.

फोन

त्या दुपारी सुरेखाचा फोन आला. सुरेखा माझ्यापेक्षा बरीच लहान. लग्न होऊन आली तेव्हा तिला पुरण वाटायला मी शिकवलं. मला अक्का म्हणते.

"अक्का, पाय कसे हायेत?"

"हायेत तसेच."

मग ती रडायला लागली.

"अक्का, तेवढं सांभाळून घ्या. दुकानात भिंतीवर लायसनचा जो कागद हाय तो यांचा न्हाई, तुम्हाला तर मालूम हाय. दुसऱ्याच्या नावावर चालून राहिलंय. बिनाचिठ्ठीचं औषध दिलं अन् माणूस दवाखान्यात पडलं, असं दवाखान्यानं वर कळवलं तर दुकान जातंय. दोन लेकरं हायेत आम्हाला."

"सुरेखा, त्या कॅप्सूल कशाच्या होत्या?"

तिनं फोन ठेवला. पण मला जे हवं होतं ते कळलं. व्हिटॅमिनसाठी कुणी रडत नाही.

हे खुर्चीत पेपर वाचत होते. मी यांना सांगितलं. यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली.

"तू काय घेतलं ते तुला माहीत नाही, एवढंच म्हण. खोटं तर न्हाई ना ते?"

"खोटं नाही. पण तुमच्या भावाला माहीत हाय."

"त्याचं दुकान बंद पडलं तर तो काय खाईल?"

"अन् माझी किडनी बंद पडली तर मी काय करू? मेसच्या मुलींना डायलिसिसच्या खाटेवरून वाढू?"

यांना राग आला की हे पाणी प्यायला जातात. तसे गेले.

त्या वेळी मला दोघांचाही फार राग नव्हता, हे लिहून ठेवते. मी थकले होते. कुणावर रागवायचं म्हटलं तरी उठून बसावं लागतं. भाऊजी डबा धुऊन आले तेव्हा मी पडल्या पडल्याच विचारलं.

"भाऊजी, कॅप्सूलचं नाव सांगा."

"वहिनी, आता ते काढून काय फायदा?"

"फायदा माझ्या पाठीत सुई जायची वाचेल. तुम्ही सकाळी ऐकलं ना?"

"औषधानं असं होत न्हाई हो. मी एवढ्या लोकांना देतो. कुणालाच असं झालं न्हाई."

"मला झालं."

त्यांनी पिशवी उचलली. "गाडी चुकंल," म्हणाले आणि गेले. मला वाटलं, उद्या येणार नाहीत.

बाटली

आले. पण सकाळपासून मला ताप होता आणि छातीत कफ घुरघुरत होता. मॅडमनी छाती ऐकली. मी स्टेरॉइडच्या गोळ्यांवर होते, अशात जंतुसंसर्ग वाढू देऊन चालणार नाही, म्हणून अँटिबायोटिकचं इंजेक्शन आजच सुरू करू म्हणाल्या. चिठ्ठी भाऊजींच्या हातात दिली आणि पुढच्या खोलीत गेल्या.

औषधांचं दुकान खालच्याच मजल्यावर होतं. एरवी भाऊजी गेले की पाच-दहा मिनिटांत वर असायचे. त्या दिवशी माझी पेज गार झाली तरी पत्ता नाही. आले ते मोकळ्या हातानं.

"मिळालं न्हाई," सिस्टरला म्हणाले.

"खालीच तर असतंय."

"संपलंय म्हणे."

"मग समोरच्या दुकानात?"

"तिथंबी न्हाई."

सिस्टर हसली. "काका, ते इंजेक्शन कांद्या-बटाट्यावानी कुठंबी मिळतंय. राहू द्या, वॉर्डातलं देते मी. संध्याकाळपर्यंत परत आणून द्या म्हणजे झालं."

ती ट्रे घेऊन आली. छोट्या बाटलीत पांढरी पावडर होती. तिनं वरून पाणी सोडलं आणि बाटली तळहातावर फिरवायला लागली. हे खिडकीपाशी होते. भाऊजी खाटेच्या पायथ्याशी लोखंडी दांडा धरून उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, बाटलीकडे बघत होते. दुकानात वीस वर्षं काढलेला माणूस लेबल वाचल्याशिवाय राहत नाही. सिस्टरनं सिरिंज भरली, माझ्या हातावरची नळी हातात घेतली.

"सिस्टर, थांबा."

"आता काय, काका?"

"ते देऊ नका वहिनीला."

हे वळले. "महेश."

"थांबा दादा जरा. सिस्टर, मी ह्याच जातीच्या कॅप्सूल दिल्या होत्या वहिनीला. लागोपाठ दोन वेळा. अंगावर उठल्यावरबी दिल्या. मागच्या साली एकदा दिल्या होत्या."

"तुम्ही तर मॅडमला काहीच दिलं न्हाई म्हणून सांगितलं होतं."

"खोटं सांगितलं."

सिस्टरनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. नळीचं टोक आधी नीट बंद केलं आणि मग फोनकडे गेली.

अशा वेळी माणसाला काय काय वाटतं म्हणे. मला झोप आली. किती दिवसांची कोण जाणे. मॅडम परत आल्या, भाऊजींना विचारत होत्या, पहिली कॅप्सूल कधी, ठिपके कधी, दुसरी पुडी कधी, आणि भाऊजी शाळेतल्या पोरासारखे हात पुढे धरून उत्तरं देत होते. मी त्यांचं बोलणं ऐकत झोपले.

जागी झाले तेव्हा मॅडम पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, "पाठीतली सुई आठवडाभर पुढे ढकलते. ते मोठं इंजेक्शनही. कातडीच्या तुकड्याचा रिपोर्ट आज आला, तोही औषधाकडेच बोट दाखवतोय, आणि औषध कधीच बंद झालंय. किडनीला एक संधी देऊ."

यांनी विचारलं, "मॅडम, दुकानाचं काय?"

"मला औषधाचं नाव हवं होतं. दुकानाचं मी विचारलेलं नाही." मग भाऊजी खोलीत नाहीत असं बघून म्हणाल्या, "पण ते दुकान असंच चालणार असेल तर पुढच्या वेळी वहिनी नसेल, दुसरं कुणी असेल. हे तुम्ही घरात बोला."

तापासाठी दुसऱ्या जातीचं इंजेक्शन आणलं. भाऊजींनीच आणलं. त्यानंतर ते खोलीत आले नाहीत, बाहेरच्या बाकावर बसायचे. डबा मात्र आत यायचा.

आठवड्यानं प्रोटीन थोडं कमी झालं. पुढच्या तपासणीत आणखी. सुई टळली.

लातूर

बरं होणं म्हणजे काय, हे कुणी नीट सांगत नाही. मी घरी आले तेव्हा लोक म्हणाले, सुटलीस. स्टेरॉइडनं तोंड सुजून भाकरीएवढं झालं. भूक अशी लागायची की मुलींना वाढता वाढता मी पातेल्यातलं खायची. झोप नाही, चिडचिड भरपूर, साखर वाढली. मुली म्हणायच्या, "काकू, गुटगुटीत झालात." मेस चालू ठेवायला एक बाई लावली. मी स्टुलावर बसून, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून सूचना द्यायची. तासभर जास्त उभं राहिलं की घोट्याशी नवे ठिपके हजर. महिनोन्महिने असंच. ठिपके जातात, मागे तपकिरी डाग ठेवतात. माझ्या नडग्या अजून गंजल्यासारख्या दिसतात. साडी घोट्यापर्यंत असते, कुणाला दिसत नाही, मला दिसतं.

अव्वा अजून मानायला तयार नाहीत. "घोंगडीनं उतरलं असतं," म्हणतात, "तुम्ही दम धरला न्हाई." आणि खरा राग वेगळाच आहे. महेशभाऊजींनी पुड्या पाठवणं बंद केलं. अव्वांचा खोकला असो की कुणाचा ताप, त्यांचं एकच, "डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग देतो." दुकानासाठी आता एक शिकलेला माणूस पगारावर ठेवलाय, तो दिवसभर बसतो. भावकीला हे पसंत नाही. औशाच्या चुलत सासूबाई, ज्या स्वतः सोलापूरला जाऊन आल्या होत्या, त्या एका बारशात सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "तुझे एकटीचे पाय दुखले अन् आमच्या सगळ्यांच्या गोळ्या बंद केल्यास की गं."

मी म्हटलं, "हाव. केल्या."

भाऊजी बरेच महिने लातूरला आले नाहीत. फोनही नाही. सुरेखा यायची, मान खाली घालून भाजी चिरू लागायची. मग एका रविवारी ते आले, मेसच्या वेळेलाच. मुली जेवून उठल्या तेव्हा मी त्यांना ताट वाढलं.

"वहिनी, पाय दाखवा."

दाखवले. त्यांनी बघितले आणि जेवायचं थांबवलं.

"तुम्ही रागावल्या असाल."

"रागावलेच हाय. भाकरी घ्या."

त्यांनी घेतली. जरा वेळानं म्हणाले, "त्या दिवशी मी जिन्यात बसून होतो, चिठ्ठी घेऊन. खाली गेलोच न्हाई."

"मला वाटलंच."

"सिस्टरकडं वॉर्डात नसतं तर मी बोललो नसतो. एवढं खरं सांगतो."

मी वरण वाढलं. बोलले असते असं ते म्हणाले असते तर मला पटलं नसतं. जेवण झाल्यावर हात धुऊन ते पुन्हा बसले आणि मला त्या औषधाचं नाव पाठ करायला लावलं. एकाच नावानं भागत नव्हतं. त्या जातीतली जी जी गोळी नि इंजेक्शन माझ्या वाट्याला येऊ शकतात, त्या सगळ्यांची नावं. कंपनी बदलली की पट्टीवर वरचं नाव बदलतं, म्हणून खालचं बारीक अक्षरातलं नाव. ती नावं जिभेवर यायला अवघड. मी कणीक मळत होते, ते म्हणायला लावत होते, चुकलं की थांबवत होते. "न्हाई वहिनी. परत म्हणा." वीस वर्षं ती नावं पट्टीवरून कापून ज्यांनी आमच्यापासून लांब ठेवली, त्यांनी ती त्या दिवशी एकेक करून माझ्या तोंडी बसवली.

गेल्या महिन्यात दाढ ठणकायला लागली. लातुरातल्याच एका दाताच्या डॉक्टरकडे गेले, तरुण मुलगा होता. दाढ पाहून तो चिठ्ठी लिहायला लागला. मी विचारलं, काय लिहिताय. त्यानं वर न बघता सांगितलं.

"ते चालत नाही मला," मी म्हटलं, आणि बाकीची नावंही एका दमात म्हणून दाखवली.

त्याचा पेन थांबला. "काय होतं घेतल्यावर?"

मी साडी जरा वर केली. त्यानं नडग्यांवरचे डाग पाहिले, चिठ्ठी फाडली आणि दुसरी घेतली.

"एवढी नावं सहसा कुणाला सांगता येत नाहीत," तो म्हणाला. "कुणी सांगितली तुम्हाला?"

"दिरांनी."

"डॉक्टर आहेत का ते?"

"नाही," मी म्हटलं. "मुदखेडला मेडिकल आहे."